सुरीची मूठ आणि जोडीचा भाजी चिरायचा पाट फणसाच्या लाकडाचा चालेल का?

चालेल, छानच होईल! फक्त लाकूड पुरतं वाळलेलं हवं. मी रत्नागिरीत पहिली मूठ ओलसर फळीतून काढली. मे महिन्यात पितळी रिवेटपाशी (मूठ पात्याला धरून ठेवणाऱ्या खिळीपाशी) केसाएवढी चीर गेली. इंचभर जाडीची फळी सावलीत, हवेशीर जागी वर्षभर तरी ठेवा. पावसाळ्यात मूठ बसवायला घेऊच नका.

मूठ आणि पाट एकाच फळीतून काढा. ताज्या कापाचा हळदी रंग पुढे तपकिरी होत जातो, तो दोन्हींवर सारखाच चढतो. सागाचा पाट मला पटत नाही, त्यातल्या सिलिकाने, म्हणजे वाळूसारख्या कठीण कणांनी, सुरीची धार लवकर जाते. पात्याचं शेपूट मुठीत इपॉक्सीने (दोन भाग मिसळून लावायच्या पक्क्या गोंदाने) बसवा. पाटाला खाद्य दर्जाचं मिनरल ऑइल चोळा. स्वयंपाकाचं तेल खवट होतं.