आजची भाकर आज माग

प्रिय मुली,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

रविवारी उपासना सुटल्यावर फाटकापाशी थांबून तू जे विचारलेस, ते अजून माझ्या मनातून गेलेले नाही. निकालाच्या धास्तीने तुला झोप लागत नाही, छाती धडधडते, आणि त्यावर कोणीतरी तुला ऐकवले की भीती वाटते म्हणजे विश्वास कमी पडतो. असे सांगणाऱ्याने बायबलातला, क्रूसावर जाण्याआधीच्या रात्रीचा गेथशेमाने बागेतला प्रसंग कधी वाचला आहे काय? तेथे प्रभू येशू स्वतः व्याकूळ झाला, हा दुःखाचा प्याला टळावा असे त्याने देवबापाजवळ उघड मागितले आणि मगच बापाच्या इच्छेला मान तुकवली. त्याने भीती लपवली नाही.

मी लपवली. गिरणी बंद पडली तेव्हा मी सूतखात्यात होतो. घरी सांगण्याचे धैर्य झाले नाही, म्हणून रोज डबा घेऊन निघायचो आणि सोलापूरच्या कंबर तलावाच्या काठी बसून राहायचो. तेथे मी प्रार्थना करत होतो, हे खरे. पण मुलाचे शिक्षण, मुलीचे लग्न, आमचे म्हातारपण अशी वीस वर्षांची काळजी एकदम देवापुढे ओतायचो आणि उठताना तशीच उचलून परत आणायचो. तिसऱ्या संध्याकाळी तुझ्या काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारले, "तुमच्या केसांत कापूस कसा नाही?" ते तीन दिवस मी त्यांना एकटे ठेवले, याची टोचणी आजही आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी मिळून एवढेच मागितले: आजची भाकर आज दे. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे" असे आहे, आणि त्यातला "आज" हा शब्द आपण नुसता तोंडाने म्हणतो. बायबलातल्या निर्गमाच्या 16 व्या अध्यायात इस्राएल लोकांना रानात देवाने दिलेले अन्न, म्हणजे मान्ना, त्या त्या दिवसापुरता मिळाला; सांगूनही ज्यांनी सकाळपर्यंत ठेवला, त्यांच्या मान्नात किडे पडले. आपल्याकडची कडक भाकरी महिनाभर टिकते, तेव्हा साठवणीला माझा विरोध नाही. पण धीर असा बांधून ठेवता येत नाही; तो आजचा आजच मागावा लागतो.

भाऊ अजून म्हणतो की पुण्याला जायला घाबरलो म्हणून मी प्रार्थनेचा आडोसा घेतला. तसे नव्हते. आई अंथरुणाला खिळली होती, आणि चादरीच्या कारखान्यात निम्म्या पगारावर मी त्याच महिन्यात उभा राहिलो. रोजच्या दिवसापुरते मागणारा माणूस आळशी नसतो, हे मला कोणाला तरी एकदा नीट सांगायचेच होते.

तेव्हा, बाळ, "देवा, सगळे ठीक कर" अशी मोघम प्रार्थना आता पुरे. फिलिप्पै गावच्या मंडळीला पत्र लिहिताना प्रेषित पौल बंधनात, म्हणजे कैदेत होता, आणि तरीही त्याने "चिंता करू नका" असे लिहिले; पण तेवढ्यावर तो थांबला नाही. आपल्या मागण्या आभारप्रदर्शनासह देवाला कळवा, असे त्याने पुढे लिहिले. कळवायचे म्हणजे नाव घेऊन सांगायचे. झोप अशीच उडालेली राहिली, तर डॉक्टरांकडे जा. त्याने विश्वासाला उणेपणा येत नाही.

आज रात्री वहीत एकच ओळ लिही: आज मला कशाची भीती वाटली. ती मोठ्याने वाचून देवाला सांग आणि गुरुवारी वही घेऊन घरी ये. निकालाची तारीख मात्र त्या ओळीत लिहू नकोस. ती आजची नाही.

तुझा,
काका