शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत भट्टीच्या कंट्रोलरचा १० मिलिसेकंदांचा टास्क मधूनच उशिरा का धावतो? फ्रीआरटॉस (छोट्या कंट्रोलरवर टास्क वेळेत चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम) आहे, लॉगिंग म्हणजे रीडिंगची नोंद एसडी कार्डावर.

पहिला संशय प्रायॉरिटी इन्व्हर्जनचा, म्हणजे कमी प्राधान्याच्या टास्कमुळे जास्त प्राधान्याचा टास्क अडकण्याचा. खालचा लॉगिंग टास्क बफरचं (दोघांच्या सामाईक मेमरीचं) लॉक धरून बसतो, मधला डिस्प्ले टास्क त्याला बाजूला सारतो आणि वरचा कंट्रोल टास्क ताटकळतो. १९९७ मध्ये मंगळावर नासाच्या पाथफाइंडर यानाला हेच भोवलं होतं.

लॉक म्हणून बायनरी सेमाफोर असेल तर काढा, म्युटेक्स लावा. प्रायॉरिटी इन्हेरिटन्स (लॉक धरणाऱ्या टास्कला वाट बघणाऱ्याचं प्राधान्य तात्पुरतं मिळणं) म्युटेक्सलाच मिळतो. पण तेवढ्यावर थांबू नका! कार्डाचं एखादं राइट १०० मिलिसेकंदांहूनही जास्त खातं, तेवढा वेळ लॉक अडकलं तर म्युटेक्सही वाचवणार नाही. कंट्रोल टास्कने रीडिंग शून्य टाइमआउटने, म्हणजे वाट न बघता, क्यूमध्ये (रांगेत) टाकावं, कार्डाला हात फक्त लॉगिंग टास्कने लावावा. क्यू भरून एखादी नोंद गेली तरी चालेल, भट्टीची वेळ चुकता कामा नये. खात्रीसाठी टास्कच्या सुरुवातीला एक पिन टॉगल करून ऑसिलोस्कोपवर बघा.