एकच रायफल कुळागरालाही आणि नेमबाजीलाही?

प्रश्न : सर, आम्ही गोव्याच्या सत्तरी तालुक्यातले बागायतदार. बाबांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअरची एकनळी होती. बाबा गेल्या वर्षी वारले. रानडुकरं कुळागरात (पोफळीच्या बागेत) शिरून सुरण, केळी उकरून टाकतात. माझी मुलगी २२ वर्षांची, डावखुरी. एनसीसीत असल्यापासून तिला नेमबाजीची गोडी लागली आहे. दोन्ही कामांना चालेल अशी एकच बोल्ट अॅक्शन (दर गोळीला हाताने दांडा मागे-पुढे ओढायची) रायफल घ्यावी म्हणतो. .३१५ घेऊ की .२२ (नळीचा व्यास, इंचांत)?

उत्तर : आधी बाबांची बंदूक. ती अजून घरात असेल तर आजच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. वारसाला स्वतःच्या नावाचा परवाना लागतो. बाबांच्या परवान्यावर ती तुम्हाला ठेवता येत नाही.

शिकारीबद्दल स्पष्टच सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद आहे आणि रानडुकरालाही त्याचं संरक्षण आहे. उभ्या पिकाची नासाडी होत असेल तर कलम ११ खाली वनखात्याकडे लेखी परवानगी मागता येते. ती हाती नसताना पीकसंरक्षणाच्या परवान्यावर डुक्कर मारलं तरी तो गुन्हाच. तुमचं नुकसान मला कळतं, एका रात्रीत वर्षाचं सुरण जातं. पण त्यासाठी रायफल निवडू नका. .३१५ ची गोळी २४४ ग्रेनची, जवळजवळ १६ ग्रॅम. पोफळींमधून ती पलीकडच्या वाड्यावर कुठे जाईल, हे अंधारात कोणालाच सांगता येणार नाही.

म्हणून मुलीसाठी .२२ घ्या. ५० मीटरच्या स्पर्धेत तीच चालते. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य जिंकलं, तेही .२२ वरच. धक्का नसल्यासारखाच, त्यामुळे गोळी सुटताना आपण काय चुकलो ते तिला कळेल. .३१५ वर नवखा माणूस दहाव्या गोळीपर्यंत खांदा चोरायला लागतो, आणि ती सवय मोडायला महिने जातात. पण .२२ लाही खेळणं समजू नका, गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते.

आता डावखुरेपणा; पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. हातापेक्षा डोळा आधी बघा. दोन्ही तळव्यांची खिडकी करून तिला दूरच्या माडाचा शेंडा त्यातून बघायला सांगा, मग एकेक डोळा मिटायला लावा. ज्या डोळ्याला शेंडा खिडकीतच दिसत राहतो, तो तिचा नेमाचा डोळा. तो डावा निघाला तर बोल्ट डाव्या बाजूला असलेलीच रायफल शोधा, वाट बघावी लागली तरी. उजव्या बोल्टला तिला दर वेळी आधाराचा हात सोडावा लागेल, गाल कुंद्यावरून (रायफलीच्या खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागावरून) हलेल. थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत ६० गोळ्या असतात. ६० वेळा बैठक मोडून पुन्हा जमवायची, आणि निशाण्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं.

कुंद्याची लांबीही मापून घ्या. कोपर काटकोनात वाकवून कुंद्याची टाच कोपराच्या आतल्या वळणात टेकवली, की बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज यायला हवं.

जुनी मिळत असेल तर नावावर भुलू नका. रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढा, मागून उजेडाकडे नळीतून बघा, आतल्या पीळदार खाचांच्या कडा धारदार दिसल्या पाहिजेत. मग कापसाचा बोळा नळीच्या तोंडाच्या कडेवरून हलके फिरवा. कापसाचे तंतू अडकले तर कड दुखावलेली आहे, गोळ्या विखुरणार. मी हे नेहमी सगळ्यात आधी बघतो. दुकानात रिकाम्या रायफलीचा ट्रिगर मात्र ओढू नका, अनेक .२२ रायफलींची पिन चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) कडेवर आपटते.

गोव्याचा पावसाळा विसरू नका. माझी पहिली रायफल मी जूनमध्ये कॅनव्हासच्या म्यानात घालून कपाटात ठेवली आणि थेट चतुर्थीला काढली. नळीवर, बोटांच्या ठशांच्या जागी, तांबूस ठिपके पडले होते. ते अजून आहेत. कापड ओल धरून ठेवतं. तेलाचा पातळ हात फिरवून, म्यानाबाहेर, कुलपातल्या लोखंडी कपाटात सिलिका जेलसोबत ठेवा आणि दर पंधरवड्याला पुसा. काडतुसं दुसऱ्या कुलपात.

एका माणसाला आता साधारणपणे दोनच बंदुका ठेवता येतात, तेव्हा घाई नको. आधी रेंजवर तिला दोन-तीन रायफली चालवून बघू द्या, मग अर्ज तिच्या नावाने करा. परवान्याला लागणारी २१ वर्षं पूर्ण आहेत, वयाची अडचण नाही. कुठल्या डोळ्याने नेम लागतो ते मला कळवा.