कडा कापाव्यात की झाकाव्यात?

प्रश्न : व्हीएचएस कॅसेट ७२० बाय ५७६ मध्ये कॅप्चर केली. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आहेत आणि तळाशी फाटल्यासारख्या रेषा थरथरतात. कॅप्चर कार्ड खराब आहे का?

उत्तर : नाही, कार्ड निर्दोष आहे. व्हीसीआर एका हेडवरून (टेप वाचणाऱ्या भागावरून) दुसऱ्या हेडवर जातो तो क्षण प्रत्येक फील्डच्या (एकाआड एक ओळींनी बनलेल्या अर्ध्या चित्राच्या) अगदी शेवटी येतो. त्याच या रेषा. पूर्वी टीव्हीची चौकट त्या झाकून टाकायची, म्हणून दिसत नव्हत्या इतकंच.

मूळ फाइलला हात लावू नका. डीव्हीडी करायची असेल तर कापण्यापेक्षा झाकणं बरं. समजा डावीकडे १०, उजवीकडे ६ पिक्सेल काळे आणि तळाच्या १२ ओळी खराब आहेत. एव्हीसिंथ या व्हिडिओ-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तेवढं क्रॉप करा (कापा), मग ॲडबॉर्डर्स या आदेशाने डावी-उजवीकडे ८-८ आणि खाली १२ काळ्या ओळी जोडा. चित्र मधोमध येतं, आकारही तोच राहतो. वर-खालचे आकडे ४ च्या पटीतच घ्या. नाहीतर ४:२:० (रंगाची माहिती निम्म्याच ओळींत ठेवणाऱ्या) इंटरलेस्ड (दोन फील्ड गुंफलेल्या) व्हिडिओत रंग चुकीच्या फील्डवर सरकतात. उरलेलं चित्र ताणून पुन्हा ५७६ ओळींचं करणं ही सर्रास होणारी चूक. त्यात दोन्ही फील्ड एकमेकांत मिसळतात आणि हालचालीत कंगव्यासारखे दाते दिसतात.

इंटरनेटसाठी मात्र खुशाल कापा, पण आधी डीइंटरलेस करा, म्हणजे गुंफलेल्या फील्डांपासून अखंड चित्रं बनवा. वरच्या उदाहरणात ७०४ बाय ५६४ उरतं. ते फक्त रुंदीत ताणून ७६८ बाय ५६४ केलं की चेहरे लांबोडके दिसत नाहीत.

पट्टीची रुंदी मोजायला उजेडातलं दृश्य निवडा. अंधाऱ्या दृश्यात कड हमखास चुकते.