व्हिक्टोरियन विनोदी नाटकांतले नायक दोन-दोन नावांनी का जगतात?

तुम्ही विचारलंय की ऑस्कर वाइल्डच्या 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट'मध्ये दोन्ही नायक खोटी नावं घेऊन वावरतात, ती फक्त हसवायची युक्ती आहे, की लग्न, पैसा आणि घराणं यांच्याशी तिचा काही संबंध आहे? संबंध आहे, आणि माझ्या मते नाटकाचा सगळा जीव त्यातच आहे. या नाटकातल्या समाजाला खोटं बोललेलं चालतं. आईबापांचा पत्ता नसलेला माणूस मात्र चालत नाही.

आधी गोष्ट थोडक्यात सांगतो. जॅक वर्दिंग खेड्यातल्या बंगल्यावर राहतो. सिसिली या १८ वर्षांच्या मुलीचा तो पालक आहे, त्यामुळे तिथे त्याला फार सभ्य राहावं लागतं. लंडनला मजा करायला जायचं म्हणून त्याने अर्नेस्ट नावाचा एक उनाड भाऊ रचलाय, आणि शहरात तो स्वतःच अर्नेस्ट म्हणून वावरतो. त्याचा मित्र अल्जरनॉन याने बनबरी नावाचा कायम आजारी मित्र कल्पिलाय. कंटाळवाण्या मेजवानीचं बोलावणं आलं की बनबरीची तब्येत बिघडते. जॅकला अल्जरनॉनची मावसबहीण ग्वेंडोलेन हवी आहे, आणि तिला नवरा अर्नेस्ट याच नावाचा हवा आहे. पुढे अल्जरनॉनही जॅकचा तोच भाऊ अर्नेस्ट बनून सिसिलीकडे पोचतो आणि तिच्या प्रेमात पडतो.

मग येते ग्वेंडोलेनची आई, लेडी ब्रॅकनेल. स्थळ पाहायला आलेल्या मंडळींनी मुलाची चौकशी करावी, तशी ती हातात वही-पेन्सिल घेऊन जॅकला प्रश्न विचारते. लग्नाजोग्या तरुणांची यादी तिच्याकडे तयार आहे, एका डचेसच्या मदतीने केलेली. जॅक सिगरेट ओढतो हे ऐकून ती खूश होते, कारण पुरुषाला काहीतरी उद्योग हवाच. वय २९, उत्तम. उत्पन्न वर्षाला ७ ते ८ हजार पौंड, उत्तम. बेलग्रेव्ह स्क्वेअरला घर आहे, पण कमी प्रतिष्ठेच्या बाजूला. तेही निभावून नेता येईल. मग ती आईवडिलांचं विचारते, आणि जॅकला सांगावं लागतं की तो तान्हा असताना व्हिक्टोरिया स्टेशनच्या सामानघरात एका हँडबॅगेत सापडला. तिथे सोयरीक मोडते. मुलीला सामानघराच्या घराण्यात देणार नाही असं ती बजावते आणि लंडनचा मेजवान्यांचा मोसम संपायच्या आत निदान एक तरी पालक मिळवा, असा सल्ला देऊन निघून जाते.

या प्रवेशातली एक ओळ सहज निसटते. पैसा जमिनीत आहे की गुंतवणुकीत, असं ती विचारते. मुख्यतः गुंतवणुकीत, असं जॅक सांगतो आणि तिला बरं वाटतं. जमिनीतून आता ना फायदा ना सुख, असं तिचं म्हणणं. नाटक रंगमंचावर आलं १४ फेब्रुवारी १८९५ला. त्याआधीची वीसेक वर्षं अमेरिकेच्या स्वस्त धान्यामुळे इंग्लंडमधल्या शेतीचे भाव पडले होते, आणि १८९४च्या अर्थसंकल्पाने मृत्यूनंतरच्या मालमत्तेवर नवा, चढत्या दराचा कर लावला होता. जमीनदार वर्ग नाव जुनंच ठेवून रोख्यांच्या पैशाकडे वळत होता. म्हणजे हा वर्गच दुहेरी जगत होता, दोन मित्रांचं तर सोडाच.

शेवटच्या अंकात हे उघडं पडतं. सिसिलीकडे लेडी ब्रॅकनेलचं फारसं लक्ष नसतं. पण तिच्या नावावर सरकारी रोख्यांत १ लाख ३० हजार पौंड आहेत हे कळताच ती परत बसते आणि मुलगी आता नीट पाहिल्यावर छान वाटते, असं म्हणते. तिचा भाचा अल्जरनॉन कर्जबाजारी आहे, तरी तिच्या लेखी तो उत्तम स्थळ. लग्नाच्या वेळी तिच्या स्वतःकडेही पैसा नव्हता, हे ती तिथेच सांगते. मला हे पात्र खलनायिका वाटत नाही. ज्या दारातून ती आत आली, तेच दार ती आता राखते आहे.

भारतही या नाटकात डोकावतो. सिसिलीची शिक्षिका तिला अर्थशास्त्राच्या पुस्तकातलं रुपयाच्या घसरणीचं प्रकरण वगळायला सांगते, कारण ते फार खळबळजनक आहे. चांदी घसरल्यामुळे रुपया दोन शिलिंगांच्या आसपासून १८९५पर्यंत एका शिलिंगाच्या जरा वर आला होता. रुपयात पगार घेऊन विलायतेत पौंड पाठवणाऱ्या साहेबांच्या घरांत तो रोजचा विषय असणार. पुढे जॅक हा लेडी ब्रॅकनेलच्या बहिणीचाच हरवलेला मुलगा निघतो, आणि त्याचे वडील भारतात राहिलेले सेनाधिकारी. म्हणजे लग्न ठरतं ते मावसबहिणीशी! आपल्याकडे इथेच बैठक मोडली असती. तिथे उलट घराणं मिळालं म्हणून सगळं सुरळीत होतं. जॅक इतके दिवस खोटं बोलत होता, याबद्दल त्याला कुणी खरा जाब विचारत नाही.

ही परंपरा जुनी आहे. डायन बूसिकॉल्टच्या 'लंडन अॅश्युरन्स'मध्ये (१८४१) मुलगा खोटं नाव घेऊन खेड्यात येतो आणि बापाच्याच नियोजित वधूच्या प्रेमात पडतो. टी. डब्ल्यू. रॉबर्टसनच्या 'कास्ट'मध्ये (१८६७) उमराव घरातला जॉर्ज डी'अल्रॉय नर्तिकेशी लग्न करतो, पलटणीबरोबर भारतात जातो, मेल्याची बातमी येते आणि तो जिवंत परततो. ते नाटक मनापासून लिहिलेलं आहे, पण शेवटी जॉर्जच म्हणतो की वर्गभेद बरा, फक्त फार ताणू नये. वाइल्ड असा दिलासा देत नाही, म्हणून मला तो जास्त प्रामाणिक वाटतो.

लग्नाच्या कायद्याकडेही पाहा. १८५७च्या घटस्फोट कायद्यानुसार नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध करणं पुरे होतं. बायकोला मात्र त्याच्या जोडीला क्रूरता किंवा सोडून जाणं असं आणखी काही दाखवावं लागे. पुरुषाच्या दुसऱ्या आयुष्याला कायद्यानेच जागा ठेवली होती.

वाइल्डच्या स्वतःच्या दुसऱ्या आयुष्याला मात्र ती नव्हती. १८८४मध्ये त्याचं कॉन्स्टन्स लॉइडशी लग्न झालं, दोन मुलगे झाले. १८८५च्या कायद्याने पुरुषांमधले संबंध, खाजगीतलेसुद्धा, गुन्हा ठरवले. प्रियकर आल्फ्रेड डग्लसच्या बापाने जाहीर आरोप केल्यावर वाइल्डने बदनामीचा खटला भरला, आणि तो त्याच्यावरच उलटला. २५ मे १८९५ला त्याला दोन वर्षं सक्तमजुरी झाली. त्याआधीच जाहिरातींतून लेखकाचं नाव काढलं गेलं होतं आणि नाटकही बंद पडलं. कॉन्स्टन्सने मुलांचं आडनाव बदलून हॉलंड केलं.

मूळ नाटक चार अंकी होतं. नाट्यगृहाचा चालक आणि जॅकची भूमिका करणारा जॉर्ज अलेक्झांडर याच्या आग्रहावरून ते तीन अंकांत बसवलं, आणि त्यात एक प्रसंग गळला. अर्नेस्टने सॅव्हॉय हॉटेलात जेवणाची ७६२ पौंडांची उधारी केलेली असते आणि वकील तिच्यापायी अल्जरनॉनला हॉलोवे तुरुंगात न्यायला येतो. अटकेनंतर खटला चालेपर्यंत वाइल्डला ठेवलं ते हॉलोवेतच, आणि खटल्यात सॅव्हॉयच्या खोल्यांबद्दल साक्षी झाल्या.

वाचणार असाल तर पहिल्या अंकातली ती चौकशी आधी वाचा, मग 'कास्ट' घ्या. दोन्ही नाटकं प्रताधिकारमुक्त आहेत आणि इंटरनेटवर फुकट मिळतात. त्याच काळातलं विलायती प्रहसन मराठीत कसं रुजलं ते पाहायचं असेल, तर अत्र्यांचं 'मोरूची मावशी' आहेच. ते १८९२च्या 'चार्लीज आंट'वरून केलेलं आहे, आणि तिथेही सगळा गोंधळ खोट्या मावशीचाच आहे.