स्विफ्टची उंची कमी करायचीये? आधी हे वाच

भावा, गाडी खाली बसलेली भारी दिसते हे मान्य, पण तुझा गॅरेजवाला म्हणतोय तसं ग्राइंडरने स्प्रिंग कापायच्या भानगडीत पडू नकोस. एक वेटोळं कापलं की स्प्रिंग नुसती आखूड होत नाही, कडकही होते, आणि शॉकअप तेच कंपनीचे जुने, त्यांना ती आवरत नाही, म्हणून गाडी उड्या मारते. त्यातून कापलेलं टोक स्प्रिंगच्या सीटमध्ये, म्हणजे ती टेकते त्या वाटीत, नीट बसत नाही, मोठ्या खड्ड्यात चाक खाली लटकलं की स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकू शकते. हायवेवर असं झालं तर काय होईल विचार कर.

स्प्रिंग गॅसने तापवून खाली बसवणं तर त्याहून वाईट, पोलादाचं टेंपरच, म्हणजे त्याची लवचिक ताकदच जाते, डावी उजवी बाजू सारखी बसत नाही आणि पुढे तुटायची भीती. वेटोळी आवळून धरणारे क्लॅम्प लावले तर ते काढता येतात एवढंच, पण सरकतात, वाजतात.

करायचंच असेल तर पैसे साठव आणि तुझ्या मॉडेलच्याच लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवायलाच बनवलेल्या आखूड स्प्रिंग) घे, गाडी ३० मिमीच्या आसपास खाली आली तरी बास. २०१८ च्या स्विफ्टला मुळातच जमिनीपासून १६३ मिमी क्लिअरन्स, चार माणसं बसवून आपल्याकडचे स्पीडब्रेकर पार करायचेत ना! शॉकअप जुने असतील तर तेही बदल. नंतर चाकांची अलाइनमेंट कर, नाहीतर टायर आतून खाल्ले जातील. आणि इन्शुरन्सवाल्यांना आधीच विचार, बदल न कळवता केला तर क्लेमला अडवू शकतात.