किल्ली असूनही पासवर्ड का विचारला जातो?

प्रश्न : व्हीएस कोड या एडिटरमधून दूरच्या सर्व्हरवर काम करण्यासाठी मी एसएसएचच्या (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करण्याच्या पद्धतीच्या) किल्ल्यांची जोडी तयार केली आणि सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवली, तरी दर वेळी पासवर्ड विचारला जात असे. आता तर सर्व्हरची ओळख बदलल्याचा इशारा येऊन जोडणीच नाकारली जाते. ओळखीच्या सर्व्हरांच्या किल्ल्या नोंदवणाऱ्या नोन होस्ट्स फाइलमधली जुनी ओळ पुसून टाकावी, असे सहकारी सांगतात. तसे करावे का?

उत्तर : लगेच पुसू नका. पण आधी पासवर्डचे पाहू. जोडणी एडिटर स्वतः करत नाही, ती तुमच्या संगणकावरचा एसएसएच क्लायंट करतो. त्यामुळे जोडणी पुन्हा होऊ लागली की एडिटरच्या सेटिंग्ज चाळत बसण्याऐवजी टर्मिनलमधून एसएसएचची आज्ञा ‘-व्ही’ (लहान v) हा पर्याय लावून चालवावी. कोणती किल्ली पुढे केली गेली, ते तिथे ओळीओळीने दिसते. तुमची किल्ली त्या यादीतच नसेल, तर एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये त्या सर्व्हरच्या (होस्टच्या) नावाखाली ‘आयडेंटिटी फाइल’पुढे तिचा पत्ता लिहावा. किल्ली पुढे होऊनही नाकारली जात असेल, तर बहुतेक वेळा सर्व्हरवरच्या परवानग्या सैल असतात: एसएसएचच्या फोल्डरला ७०० (सर्व मुभा फक्त मालकाला), सार्वजनिक किल्ली ठेवलेल्या ऑथराइज्ड कीज फाइलला ६०० (वाचण्या-लिहिण्याची मुभा फक्त मालकाला) हव्यात आणि तुमच्या होम फोल्डरमध्ये इतर कोणाला लिहिता येता कामा नये. हे शेवटचे हमखास नजरेतून सुटते, आणि सर्व्हर तुम्हाला कारण न सांगता किल्लीकडे दुर्लक्ष करतो.

आता इशाऱ्याविषयी. १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यानंतर तातू युल्योनेन यांनी एसएसएच लिहिले. वाटेत कोणी सर्व्हरचे सोंग घेऊन बसलेले नाही ना, हे तपासण्यासाठीच नोन होस्ट्समधली ती ओळ जपलेली असते. सर्व्हर नव्याने उभारला असेल, तर इशारा येणे स्वाभाविक आहे. पण तसे खरोखर झाले आहे का, हे व्यवस्थापकांना फोन करून विचारावे, सर्व्हरच्या नव्या किल्लीचा ठसा (फिंगरप्रिंट, म्हणजे तिची ओळख पटवणारी अक्षरमालिका) त्यांच्याकडून घ्यावा, मगच जुनी नोंद ‘एसएसएच-कीजेन -आर’ (मोठा R) या आज्ञेने काढावी आणि पुन्हा जोडताना पडद्यावरचा ठसा अक्षरशः पडताळून ‘येस’ लिहावे. एडिटरच्या बाबतीत ही काळजी मला अधिक मोलाची वाटते, कारण जोडलेला सर्व्हर दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असेल, तर त्याच जोडणीतून तुमच्या संगणकावरही आज्ञा चालवल्या जाऊ शकतात.